चालत येणारी हाक

गोष्टीतले कोल्हे बहुतेक जंगलात राहतात. मुलांनो, आपला कोल्हा मात्र एका उघड्या माळरानावर राहत असे. तिथे झाडे म्हणजे काय, तर दोन-चार बाभळी आणि एक वाकडी बोर. बाकी नजर जाईल तिथवर गवतच गवत. त्या गवतात हरणांचा कळप चरत असे. पाडस झाले की हरिणी त्याला गवतात लपवून चरायला जाई आणि जाताना बजावे, "अजिबात हलायचं नाही. मी हाक मारली की उठायचं." पाडसे इतकी गुणी, की नाकावर नाकतोडा बसला तरी कान हलवत नसत. त्यात इतक्या लहान पाडसाच्या अंगाला धड वासही नसतो. कोल्हा अगदी शेजारून जाई आणि उपाशीपोटी घरी परते.

शेवटी कोल्ह्याने ठरवले, की पाडस आपल्याला सापडत नाही ना, मग पाडसानेच उठून आपल्याकडे यावे. याला हुशारी म्हणायचे की आळस, ते तुम्हीच ठरवा. तो बाभळीवरच्या कोतवाल पक्ष्याकडे गेला. हा काळाकुळकुळीत पक्षी नकला करण्यात पटाईत. माळावरच्या प्रत्येकाचा आवाज त्याच्या गळ्यात तयार असे.

"या, या! कोणता आवाज दाखवू?" कोतवाल एखाद्या कापडदुकानदाराच्या थाटात म्हणाला. "तितराची आरोळी घ्या. हल्ली फार चालते."

कोल्ह्याने तितराची आरोळी घोकली. ती ऐकून एक तितर आला खरा, पण तो आला होता भांडायला. समोर कोल्हा दिसताच भुर्रकन उडून गेला. मग कोल्ह्याने सशाच्या पिल्लाची किंकाळी घेतली. ती ऐकून ससे सगळे बिळात दडले आणि पलीकडच्या माळावरचा एक कोल्हा मात्र धावत आला. दोघे कितीतरी वेळ एकमेकांची तोंडे बघत उभे होते.

"हे काही खरं नाही," कोल्हा कोतवालाला म्हणाला. "मला पाडसाच्या आईची हाक शिकव."

कोतवाल जरा घुटमळला. पण लगेच म्हणाला, "मला काय मिळेल?"

"मी गवतातून पळालो की जेवढे नाकतोडे उडतील, तेवढे तुझे."

सौदा ठरला. कोतवालाने हाक शिकवली आणि वर सांगितले, "ओरडायचं नाही हं. आई हळूच हाक मारते, मग थांबून कान देते. सारखा हाकाटत बसलास तर पाडसालाही संशय येईल." कोल्हा मन लावून शिकला. दुसऱ्या दिवशी तो वारुळाआड दबून बसला आणि त्याने हळूच हाक मारली. जवळच्या गवतातून एक पाडस आनंदाने उठले आणि वारुळाकडे गेले. पुढचे मी सांगत नाही. ते सांगायला मला आवडत नाही.

ती हाक आपल्यातल्या कुणाचीच नव्हती, हे कळताच कळपात आकांत झाला. सगळ्यांत म्हातारी हरिणी म्हणाली, "यापुढे कुठल्याही पाडसानं कुठल्याही हाकेला उठायचं नाही. आईच्यासुद्धा नाही."

"मग मी माझ्या बाळाला दूध कसं पाजू, आजी?" एका हरिणीने विचारले. तिचे हे पहिलेच पाडस होते.

"शोधायचं. दुसरा काय इलाज?" आजी म्हणाली. तिलाही ते पटत नव्हते, पण दुसरे काही सुचतही नव्हते. हरिणीने जड मनाने पाडसाला तसे सांगितले आणि ती चरायला गेली.

थोड्याच वेळात वारुळाकडून हाक आली. किती गोड हाक! पाडसाचे पाय शिवशिवले, पण ते उठले नाही. पुन्हा हाक आली. पाडस तसेच पडून राहिले. ऊन चढले. पाडसाचे पोट खपाटीला गेले, जीभ कोरडी पडली.

दुपारी हरिणी परत आली. तोवर वाऱ्याने सगळे गवत आडवे केले होते आणि बाळ ठेवल्याची जागा काही केल्या ओळखू येईना. तिने इकडे शोधले, तिकडे शोधले. पाडस उठणार नाही हे ठाऊक असूनही तिच्या तोंडून हाक निघालीच. उत्तर नाही. ती थोडी पुढे आली, पुन्हा हाक मारली. तिला रडू फुटले. बाळ या उन्हात संध्याकाळपर्यंत टिकणार नाही, हे तिला कळत होते.

इकडे पाडस कान देऊन ऐकत होते. पहिली हाक लांब बोरीकडून आली. दुसरी बोरीच्या अलीकडून. मग गवतात पावले वाजली आणि हाक आणखी जवळ आली. पाडस झटकन उठले आणि थेट आईच्या पोटाशी जाऊन भिडले.

"उठलास कशाला?" आई त्याला चाटत चाटतच रागे भरली. "उठू नको म्हटलं होतं ना? कोल्हा असता म्हणजे?"

पाडस आधी पोटभर दूध प्याले. मग म्हणाले, "सकाळची हाक नुसती 'ये, ये' म्हणत होती. वारुळापासून जरासुद्धा हलली नाही. तू तर माझ्याकडेच येत होतीस."

हरिणीने हे कळपाला सांगितले. आजीने पाडसाला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली आणि सगळ्या आयांना सांगितले, "हाक मारायची आणि चालत राहायचं." पाडसांना सांगितले, "हाक जवळ आली तरच उठायचं."

दुसऱ्या दिवशी कोल्हा वारुळाआडून हाका मारून दमला. एक पाडस उठेल तर शपथ! कोतवाल बाभळीवरून ओरडला, "अरे, आई चालते! तूही चाल की!" कोल्हा हाक मारत चालू लागला. पण लपून बसणे वेगळे आणि चालणे वेगळे. गवत हलले, त्यातून झुपकेदार शेपूट दिसली आणि कळपातले काळवीट शिंगे रोखून धावले. कोल्हा जो पळत सुटला, तो माळ ओलांडल्यावरच थांबला. त्याच्या मागे इतके नाकतोडे उडाले, की कोतवालाला ते खाता खाता ठसका लागला.

त्या संध्याकाळी आया हाका मारत गवतातून चालत आल्या आणि एकेक पाडस शेपूट हलवत उठले. एकही कमी नव्हते.

तात्पर्य : हाक किती गोड आहे एवढेच ऐकू नये, हाक मारणारा स्वतः आपल्याकडे पाऊल उचलतो का, ते पाहावे.