पुतळ्याच्या छातीतली ऊब

वैनगंगेच्या काठी पिंपळडोह नावाचे गाव आहे. तिथल्या डोहाच्या वर, पडक्या घाटाला लागून कोंडनाथ महाराजांची झोपडी होती. महाराज फार बोलत नसत. धुनीपुढे डोळे मिटून बसत आणि कधीतरी एखादा शब्द उच्चारत. तो ज्याच्यासाठी असे, त्याला बरोबर कळे. त्यांच्या कृपेची ही हकीकत भाविकांनी शांत मनाने ऐकावी.

त्या गावात लखमाजी कोष्टी आणि त्याची बायको बयनाबाई राहत. दोघांचे वय झाले होते. लेकरे जगत नसत, म्हणून उशिरा झालेल्या मुलाचे नाव त्यांनी उकंडा ठेवले. उकिरड्यावर टाकलेले पोर समजून काळाने त्याच्याकडे पाहू नये, एवढीच इच्छा. तो उकंडा ऐन तारुण्यात, एका ज्येष्ठात, लुगडी विकायला नदीपलीकडच्या रानवाटेने बाजाराला गेला आणि परत आला नाही. लोकांनी रान धुंडाळले. लुगड्यांचे गाठोडे सापडले, माणूस सापडला नाही.

दोघे महाराजांच्या पायांवर पडले. महाराज म्हणाले, "रोज दुपारी त्याचे ताट वाढत जा. ताट ठेवले की भिंतीकडे तोंड करून बसा. कोण आले ते पाहू नका. आवाज देऊ नका."

"तो येईल का जी?" बयनाबाईने विचारले.

महाराजांनी डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी बयनाबाईने भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. दोघे पाठ करून बसले. बाहेर ऊन रणरणत होते, तरी घरात एकाएकी डोहाच्या पाण्याचा वास भरला.  ओल्या पावलांनी कोणीतरी आत आले. भाकर मोडल्याचा आवाज झाला आणि मग सगळे स्तब्ध. वळून पाहिले तर ताट रिकामे. जमिनीवर आत येणारी ओली पावले उमटलेली होती. बाहेर जाणारे एकही पाऊल नव्हते!

असे रोज घडू लागले. पोळ्याला बयनाबाईने पुरणाची पोळी वाढली, दिवाळीला करंज्या. लखमाजी माग चालवी, ती सुताच्या कांड्या भरी. दुपार जवळ आली की दोघांचे बोलणे आपोआप बंद पडे. बयनाबाईची सख्खी बहीण दिवाळीत भेटायला आली होती. तिने ती पावले पाहिली आणि पाणीही न पिता निघून गेली.

संक्रांतीच्या दिवशी लखमाजीचा धीर सुटला. "बयने, आज मी वळून पाहणार. आपला पोरगा येतो की दुसरंच काही, ते तरी कळू दे."

बयनाबाईने त्याचा हात घट्ट धरला. "पाहिलं आणि तो नसला, तर उद्या मी कोणासाठी चूल पेटवू? महाराजांनी नाही म्हटलंय ना? मग नाही."

लखमाजी खाली बसला. त्या दिवशी पावले थेट त्यांच्या पाठीशी येऊन थांबली. बयनाबाईच्या खांद्यावर गार पाण्याचे थेंब पडले. तरी तिने मान वळवली नाही.

गावात नीळकंठशास्त्री म्हणून मोठे विद्वान होते. विद्येबरोबर गर्वही मोठा. चारचौघांत ते हसून म्हणत, "नाथबाबानं म्हाताऱ्यांना भूत पोसायला लावलंय!" हसता हसता गावाला भीती बसली. कोष्ट्याच्या दारावरून कोणी जाईना. वर्ष फिरून ज्येष्ठ आला तेव्हा शास्त्रीबुवांनी गाव जमवला. "हरवलेल्याची बारा वर्षं वाट पाहतात. पण इथं प्रेत घरात वावरतंय, आता थांबायचं नाही. गवताचा पुतळा करून दहन करू. ऐकलं नाही तर लखमाजीला गावात पाणी मिळणार नाही."

लखमाजी खचला. बयनाबाई धावत घाटावर गेली. महाराज धुनीपुढे बसले होते. तिने पायांना हात लावला तर पाय दगडासारखे गार. नाकाशी बोट धरले, श्वास लागेना. "महाराज, माझ्या लेकराला जाळायला निघाले हो!" ती ओरडली. महाराज हलले नाहीत.

नदीकाठी सरण रचले गेले. दर्भ आणि पळसाच्या पानांचा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ, वर पांढरे वस्त्र. लखमाजीच्या हातात पेटते लाकूड दिले, पण तो सरणाजवळ जाईना.

"द्या इकडे," म्हणत शास्त्रीबुवांनी ते ओढून घेतले. सरकलेले वस्त्र नीट करायला त्यांनी पुतळ्याच्या छातीवर हात ठेवला आणि ते जागच्या जागी थिजले.

छाती ऊबदार होती. वस्त्र वर येत होते, खाली जात होते. त्यांनी ते बाजूला केले. आत नुसते गवत, घामाने भिजलेले. आणि त्या गवतात काहीतरी धडधडत होते!

लाकूड हातातून सुटून पाण्यात पडले. लोक मागे सरकले. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली, "बाबा! थांबा! मला जाळू नका!"

काठीच्या आधाराने एक सांगाडा उभा होता. केस वाढलेले, दाढी वाढलेली. बयनाबाईने आवाज ओळखला. नाव घालून त्याला अलीकडे आणले, तोवर पुतळा गार पडला होता.

आईच्या कुशीत टेकून उकंडा सांगू लागला. "रानात दरीत पडलो, पाय मोडला. कपारीत सरपटत गेलो. रोज दुपारी पाण्यानं निथळणारा एक म्हातारा यायचा. तोंड फिरवून बसायचा आणि पुढे भाकर ठेवायचा. चव आईच्या हातची. पायाला पाला बांधायचा, पण पाय टेकवत नव्हता. आज रिकाम्या हातानं आला आणि म्हणाला, ऊठ, तुझी माणसं तुला जाळायला निघालीत."

शास्त्रीबुवा अनवाणीच घाटावर गेले. मागोमाग सारा गाव. महाराजांनी नुकतेच डोळे उघडले होते.

"महाराज," शास्त्रीबुवांनी उजवा हात पुढे केला, "या हातात अजून ती धडधड आहे. थांबत नाही. मी आग लावली असती तर?"

महाराज म्हणाले, "राहू द्या ती धडधड. यापुढे कोणाला मेलेला म्हणण्याआधी तो हात आपल्या छातीवर ठेवत जा. आणि माझ्या नव्हे, त्या माउलीच्या पाया पडा. मी फक्त ओझे वाहिले. वर्षभर न पाहता विश्वास तिने ठेवला."

नीळकंठशास्त्र्यांनी साऱ्या गावासमोर बयनाबाईच्या पायांवर डोके ठेवले. ती संकोचून मागे सरली. "उठा बुवा," ती म्हणाली. "माझं लेकरू घरी आलंय. आज कोणी रडायचं नाही."

शास्त्रीबुवा उठले, उजवा हात त्यांनी आपल्या छातीवर ठेवला आणि तो पुन्हा खाली आला नाही. कोंडनाथ महाराजांची पावले आपल्याही उंबऱ्याशी येवोत, आणि आली तर आपल्याला मान न वळवण्याचे बळ लाभो.