बायजाक्काच्या तोंडातला गूळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका. तळेसांगवीचं तळं आणि त्याच्याखालची पायऱ्या-पायऱ्यांची बाग कुठल्या राणीने बांधून घेतली, हे सांगणारी माणसंसुद्धा तेव्हा संपली होती. राज्य गेलं, राणी गेली, बागेचे चाळीस माळी पोटामागे देशोधडीला लागले. मागे राहिली एकटी बायजाक्का माळीण. ती सत्तरीची होती, बुटकी होती, आणि तिने जन्मात कुणाला शाबासकी दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तळ्याची भिंत दगडी, तीन पुरुष उंच. भिंतीच्या आत पाणी, पायथ्याशी बाग आणि बागेखाली गाव. भिंत उभी तोवर गाव उभं. आक्का रोज सकाळी भिंतीला कान लावून बसायची. कुठल्या सांध्यात पिंपळाचं मूळ सरकतंय ते तिला ऐकू यायचं, असं म्हणतात.

पिंपळ हीच तर खरी अडचण होती. पाखरं बी टाकायची, दगडांच्या सांध्यात रोप उगवायचं. आणि पिंपळावर हात टाकणार कोण? लोक यायचे, रोपाला नमस्कार करायचे आणि निघून जायचे. रोपाचं झाड व्हायचं. तळेसांगवीकरांची भक्तीच अशी, की देव भिंत फोडत असला तरी त्याला पाणी घालून येतील!

एका उन्हाळ्यात गावातल्या सुभाना नावाच्या दांडग्या तरुणाला जोर चढला. त्याने भिंतीतल्या सर्वांत मोठ्या पिंपळाला दोर बांधला, चार बैल जुंपले आणि ओढलं. पिंपळ आला. त्याच्याबरोबर भिंतीचे नऊ दगडही आले. नशिबाने तळ्यात पाणी कमी होतं, नाहीतर ही गोष्ट सांगायला मी नसतो आणि ऐकायला तुम्ही नसता.

गावाने कपाळावर हात मारला. गुरव म्हणाले, "देवाचा कोप हाय ह्यो. आता भिंतीला कुणी शिवायचं न्हाई."

आक्का काठी टेकत आली. भोकात हात घालून तिने आतली माती चोळून पाहिली.

"कोप-बिप काय न्हाई, गुरवबुवा. दोन पानांचं हुतं तवा ओल्या फडक्यानं निघालं असतं. ह्यो गडी ईस वर्सं उशिरा आला." मग ती सुभानाकडे वळली. "जोर हाय तुझ्यात. अक्कल मी दीन. मला बारा जणं द्या, पोरं बी आन पोरी बी. मी मेल्यावर ह्या भिंतीचं बोलणं कुणाला कळणार न्हाई, आन ते कळलं न्हाई तर गाव ऱ्हाणार न्हाई."

"आन पिंपळ उपटल्याचं पाप?" गुरवांनी विचारलं.

"माझ्या पदरात घाला. पदर मोठा हाय."

बारा जण आले. त्यांत सुभाना होता आणि कोष्ट्याची ठकू होती, अठरा वर्षांची, कमी बोलणारी. विळे-पहारी मिळतील म्हणून सगळे कंबर कसून आले, पण आक्काने चार महिने हातात काही दिलंच नाही. नुसतं बघायला लावलं. भिंत कुठे ओलसर, कुठे कोरडी, पाटात पाणी कुठे अडतं, मुंग्या कुठून निघतात. सुभाना वैतागला.

"आक्का, किती दीस बघायचं?"

"दिसस्तवर," आक्का म्हणाली.

पाचव्या महिन्यात हत्यारं आली. दोन पानांचं रोप हात जोडून ओल्या फडक्याने काढायचं, करवंटीत घालायचं आणि रस्त्याकडेला लावायचं. मोठं झाड ओढायचं नाही. त्याची साल सोलून चुना फासायचा आणि ते वाळेपर्यंत थांबायचं. चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी मिसळून सांधे भरायचे. पाट मोकळे ठेवायचे, आणि जास्तीचं पाणी बाजूने काढून देणारा सांडवाही. सुभानाने पाडलेले नऊ दगड त्यांनीच परत बसवले. करवंटीतून नेलेलं एकही रोप मेलं नाही, आणि आक्काने हाक मारली की मुळं दगडातून आपणहून मागे सरायची, असं म्हणतात.

"भिंतीच्या पोटात पांढरी माती हाय," आक्का सांगायची. "निस्तं पाणी गळलं तर भिऊ नगा, तिला घाम येतोय. पाण्यातनं पांढरं आलं तर धावा. ती पोट रिकामं करतीया."

पुढच्या भाद्रपदात नऊ दिवस आभाळ फाटलं. दहाव्या दिवशी सकाळी डोंगरातलं तांबडं पाणी भिंतीच्या काठाला लागलं. गाव टेकडीवर पळालं. बारा जण भिंतीकडे पळाले आणि आक्काच्या तोंडाकडे बघू लागले.

"आज मी न्हाई असं समजा," आक्का म्हणाली. तिने चुन्यासाठी ठेवलेल्या गुळातला एक खडा उचलला, तोंडात टाकला आणि भिंतीकडे पाठ करून बसली.

भिंत तीन ठिकाणी गळत होती. मधली धार मांडीएवढी जाड. टेकडीवरून सगळा गाव ओरडत होता, "ती मोठी! आधी ती मोठी बुजवा!" सुभाना मातीचं घमेलं घेऊन तिकडे निघालाही. ठकूने मात्र एकेका धारेखाली हात धरला. मोठीचं पाणी तांबडं. दुसरीचंही तांबडं. तिसरी धार त्या नऊ दगडांच्या कडेला, करंगळीएवढी. तिथलं पाणी तिने तळव्यावर चोळलं.

"ही," ती म्हणाली.

"येडी का काय? मोठी फुटली तर गाव जाईल!" सुभानाने आक्काकडे पाहिलं. पाठमोरी आक्का हलली नाही. मग त्याने ठकूच्या तळव्याकडे पाहिलं. तळवा पांढरा झाला होता.

सुभानाने कमरेला दोर बांधला, पेंढा आणि काळी चिकणमाती काखेत घेतली आणि भिंतीवरून तळ्यात उडी टाकली. दोर बाकीच्यांनी धरला. दोनदा भोक न सापडताच तो वर आला. तिसऱ्यांदा पाण्याखाली भिंतीनेच त्याचा हात धरून भोकावर नेऊन ठेवला, असं म्हणतात. बाहेर ठकू ओरडली, "पांढरं थांबलं!" मोकळ्या केलेल्या सांडव्यातून पाणी गर्जत निघालं आणि गावाला वळसा घालून नदीला गेलं. ती मोठी धार दिवसभर वाहत राहिली. तिने कुणाचं काही बिघडवलं नाही.

दिवस मावळताना ठकू आक्कापुढे येऊन उभी राहिली. "आक्का, झालं."

दिवसभर तो गूळ विरघळला नव्हता, असं म्हणतात. आक्काने तो गिळला. उठली, भिंतीला कान लावला, बराच वेळ ऐकलं.

"बरं," ती म्हणाली.

बारा जण ढसाढसा रडले आणि रडता रडताच नाचले. सुभानाने आक्काला खांद्यावर घेतलं. गाव टेकडीवरून ढोल वाजवत उतरलं, आणि सर्वांत पुढे नाचत होते गुरवबुवा!

आज तळेसांगवीच्या रस्त्याला तीन कोस पिंपळांची सावली आहे. दसरा झाला की अठरा वर्षं पुरी झालेली मुलं-मुली वर्षभर भिंतीवर आणि बागेत शिकायला राहतात. शेवटच्या दिवशी शिकवणारा तोंडात गुळाचा खडा टाकून पाठ करून बसतो. अख्खा गाव टेकडीवर जमतो आणि मुद्दाम खोटे सल्ले ओरडतो. लहान पोरांना तर ऊत येतो. संध्याकाळी कुणीतरी पुढे होऊन "आक्का, झालं" म्हणतं. शिकवणारा मिशीवाला असला तरी त्या दिवशी तो आक्काच. तो गूळ गिळतो, भिंतीला कान लावतो, आणि काम पटलं तरच "बरं" म्हणतो. मग ढोल वाजतात.

त्या एका शब्दासाठी पोरं वर्षभर राबतात. मीही राबलो. मला तो दुसऱ्या वर्षी मिळाला.