मेणाखाली झाकलेला ठसा

एकदा एक तरुण एका वृद्ध पारख्याच्या घरी चमचे ओळखायला शिकत होता. चमच्यात ओळखण्यासारखे काय असते, असे आपल्याला वाटेल. त्याच्या आईलाही तसेच वाटले होते. पण ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची, अमेरिकेतल्या एका जुन्या बंदराची आहे. तिथे पूर्वी लोकांपाशी चांदी असे ती बहुधा नाण्यांच्या रूपात. गाठीशी नाणी साठली की माणूस ती कारागिराकडे नेई, कारागीर ती वितळवी आणि त्यांचे चमचे घडवी. चमच्याच्या पाठीवर नावाचा ठसा उमटे. शंभरेक वर्षांनी असे चमचे घराघरांतून बाहेर येऊ लागले, तेव्हा ते कोणी घडवले हे सांगू शकणारी माणसे थोडीच उरली होती. आपला वृद्ध त्यांतला एक. तिकडे गुरूला सरळ नावाने हाक मारतात, पण आपल्या जिभेला ते जड जाते. आपण त्यांना गुरुजी म्हणू.

शिष्य हुशार होता, हे मान्य करायलाच हवे. शेकडो ठसे त्याला मुखोद्गत होते. चमचा हाती आला की तो उपडा करायचा, ठसा वाचायचा आणि घडवणाऱ्याचे नाव, गाव, काळ एका दमात सांगून मोकळा व्हायचा. गावच्या जत्रेत लोक घरचे चमचे घेऊन त्याच्याभोवती गोळा होत आणि त्यालाही ते आवडे. त्या वयात कोणाला आवडत नाही?

एके दिवशी सकाळी साठीच्या घरातली एक बाई आली. रुमालात गुंडाळलेला एक चमचा तिने गुरुजींपुढे ठेवला.

"हा माझ्या पणजोबांनी घडवलाय, असं आमच्या घरात पहिल्यापासून सांगतात," ती म्हणाली. "आजोबा जन्मले तेव्हा पणजोबांनी स्वतःची साठवलेली नाणी वितळवून केला म्हणे. माझे वडील आता नव्वदीला आलेत. लहानपणापासून ते याच चमच्यानं जेवायचे. पण गेल्या जत्रेत कुणीतरी ठसा वाचून त्यांना सांगितलं, हा दुकानातला माल आहे, तुमच्या आजोबांचा याच्याशी काही संबंध नाही. तेव्हापासून चमचा कपाटात पडलाय. म्हणतात, आजोबांनी थाप मारली आणि मी ती जन्मभर सगळ्यांना ऐकवत बसलो. अन्नावरची वासनाच उडालीय त्यांची. मला खरं काय ते कळू दे. थापच असेल तर तसं सांगा."

शिष्याने सवयीने चमचा उपडा केला. ठशातले दुकानाचे नाव त्याच्या तोंडून बाहेर पडले, आणि त्याच क्षणी त्याला जत्रेतला तो म्हातारा आठवला. डोक्यावरची टोपी काढून त्याने शिष्याचे आभार मानले होते आणि चमचा खिशात टाकून तो मुकाट्याने निघून गेला होता. शिष्याला ओशाळल्यासारखे झाले. पण ठसा तर तोच होता; मग आपले चुकले कुठे, हे त्याला उमगेना.

गुरुजींनी बाईला विचारले, "पणजोबा कामाला कुठं होते?"

"त्याच दुकानात. पण भारी भांडखोर असावेत. मालकानं त्यांचं कामाचं बाक इतरांपासून वेगळं, उलट्या तोंडानं मांडलं होतं म्हणे. घरात अजून त्यावरून चेष्टा चालते."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मेणाचा एक गोळा घेतला, तळहातावर मळून मऊ केला आणि चमच्यावरच्या ठशावर थापून दिला. "अहो, हे काय करता?" बाई दचकून म्हणाली. गुरुजींनी तिला हातानेच धीर दिला. मग खणातून त्याच दुकानाचे ठसे असलेले आणखी काही चमचे काढून त्यांनी तेही मेणाने झाकले, सगळे एकत्र केले आणि शिष्यापुढे सरकवले.

"यांतले कोणते एका हातचे, सांग."

"गुरुजी, आता वाचायला काही उरलंच नाही."

"म्हणूनच तुला दिले."

शिष्याची मोठी पंचाईत झाली. प्रथम त्याला सगळे चमचे सारखेच दिसले. तो मनातून चिडलाही. नाव झाकून नाव विचारणे हा कुठला न्याय? मग निरुपाय म्हणून त्याने एकेक चमचा खिडकीच्या उजेडात तिरका धरला. दांड्याच्या टोकाशी नाजूक वेल कोरलेली होती. बहुतेक चमच्यांवर प्रत्येक रेघ एका बाजूने खोल सुरू होऊन दुसरीकडे निमुळती होत गेली होती. बाईच्या चमच्यावर आणि आणखी एकावर ती नेमकी उलटी होती. कानशीचे पुसट ओरखडेही त्या दोहोंवर उलट्या अंगाला कललेले. शिष्याने उजव्या हातात कोरणी घेतली आणि हवेतच त्या रेघा गिरवून पाहिल्या. कोपर वाकडे होऊ लागले. त्याने हात बदलला, आणि रेघ विनासायास उतरली.

"हा डावखुरा होता," तो हळूच म्हणाला. मग एकदम बाईकडे वळला. "म्हणून बाक उलटं! उजेड दुसऱ्या बाजूनं हवा, शिवाय शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार. बाई, तुमचे पणजोबा भांडखोर नव्हते हो!"

बाईच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. घरातल्या इतक्या वर्षांच्या चेष्टेचे तिला फार वाईट वाटले.

गुरुजी म्हणाले, "ठसा खोटा नाही, बरं का. दुकानदार त्यातून एवढंच सांगतो की ही चांदी चोख आहे, कमी निघाली तर माझ्याकडे या. 'मी घडवला' असं तो कुठं म्हणतो? ते आपण त्यात वाचलं, कारण नाव वाचणं सोपं असतं आणि हात वाचायला बसावं लागतं. चाकरीतल्या कारागिराला स्वतःचा ठसा नसायचा. स्वतःच्या लेकरासाठी चमचा केला तरी त्यावर नाव मालकाचंच. पण बाई, हे तुमचे पणजोबाच असं मी शपथेवर सांगणार नाही. त्या दुकानात आणखी कुणी डावखुरा असेलही. मात्र घरची गोष्ट आणि हा चमचा एकमेकांना खोटं पाडत नाहीत."

शिष्य उठून उभा राहिला. "जत्रेत तुमच्या वडिलांना सांगणारा मीच होतो," तो म्हणाला. "मी येऊ तुमच्याबरोबर?"

बाईने त्याच्याकडे क्षणभर रोखून पाहिले आणि मान डोलावली. गुरुजींनी मेण काढून चमचा पुसून दिला.

बाईच्या घरी म्हातारा खिडकीशी बसला होता. शिष्याने जे जे पाहिले ते सगळे त्याला सांगितले. उलट्या रेघा सांगितल्या, बाकाचे कारण सांगितले. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता.

"म्हणजे आजोबांनीच केला? नक्की?"

शिष्याच्या जिभेवर 'हो' आला होता. तो शब्द म्हाताऱ्याला किती हवा होता, हे त्याला दिसत होते. तरी तो म्हणाला, "नक्की नाही सांगता येत, आजोबा. एका डावखुऱ्या माणसानं केला, एवढं नक्की. तुमच्या आजोबांचं बाक उलटं होतं, हे तुमच्याच घरचं सांगणं. थाप म्हणायला मला काही आधार दिसत नाही. यापुढचं मला माहीत नाही."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "जत्रेत तुला सगळं माहीत होतं," तो म्हणाला.

शिष्याने रुमाल सोडून चमचा बाहेर काढला.

"आज माहीत नाही म्हणालास, म्हणून तुझं ऐकतो." म्हाताऱ्याने चमच्यासाठी हात पुढे केला आणि लेकीला हाक मारली, "अगं, सूप गरम कर. आणि याचंही पान मांड."