पुढे गेलेलं घड्याळ

“म्हणजे महिना तिसाचा की एकतिसाचा, ते घड्याळालाच कळतं?” मठातल्या माईंनी विचारलं.

“लीप वर्षसुद्धा कळतं, माई!” हेमंतनं मनगट पुढे केलं. “माझ्या जन्माआधीचं आहे. एवढ्याशा डबीत सगळं पंचांग, चंद्राच्या कलांसकट. घडवणारे केव्हाच गेले, पण याला अजून फेब्रुवारी कळतो. वेड लागतं बघा.”

आला होता लेकीसाठी, बोलत होता घड्याळावर. लेकीचं जिभेवर येत नव्हतं.

ऋजुता बाहेर घाटावर बसली होती. दुसरीतून थेट चौथीत घातलेली, सोळाव्या वर्षी बारावीला, परगावच्या क्लासला. पाहुणेरावळे तोंडभर कौतुक करायचे. दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. पुस्तक उघडेना, बापाशी बोलेना.

“आज एकोणतीस फेब्रुवारी का रे?” माई घड्याळात डोकावल्या.

हेमंत ओशाळला. “नाही... ती अजून दोन वर्षांनी. मित्रांना बघायची होती. कळ दाबत गेलो. सगळे वाहवा करत होते, भान राहिलं नाही.”

“मग फिरव मागे.”

“मागे फिरत नाही. जोर केला तर आतले दाते मोडतात.”

“मग रे?”

“बंद ठेवायचं. खरी तारीख येऊन गाठेल, तेव्हा किल्ली द्यायची.”

“दोन वर्षं? मध्येच हलवून बघत नाहीस?”

“छे, माई! नाजूक जीव असतो तो...”

बोलता बोलता त्याची नजर बाहेर घाटाकडे गेली.

...

घाटावर ऋजुता चपटे दगड पाण्यावर उडवत होती. एक दगड तीन टप्पे घेत गेला. ती हसली. एकटीच.

हा खेळ तिचा राहूनच गेला होता. खेळायच्या वयात हेमंत तिला शेजारी बसवून चौथीचं गणित घोटून घेत होता.

त्याचे डोळे भरून आले. माईंबरोबर वरच्या पायरीवर बसून तो तिचा खेळ बघत राहिला.

मग ऊन कललं. तो उठला, आणि सवयीनं तोंडातून गेलंच, “ऋजू, चल गं, आटप! उशीर होतोय!”

दगड तिच्या हातातच राहिला.

माईंनी हेमंतचं मनगट धरलं. ते बंद घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, नीट निरखलं...

“कशावरून?”