ताटावरचा हात

“...आणि लोकांना नकोच असेल, बुवा, तर बंद करावं. यात माझं काय चुकतंय?”

निरंजनबुवा पाटी वाचत होते.

बंगल्याच्या फाटकाशी पितळी पाटी होती. तिच्यावर एकच शब्द कोरलेला. सावकाश.

बुवांनी तो वाचला. मग पुढचं मागे लिहिलं असेल म्हणून पाटीची दुसरी बाजूही पाहून आले.

“‘होऊ द्या’ कुठे गेलं?”

दिगंबर रिसबूड कसनुसा हसला. हॉटेलचं नाव लहान असावं लागतं, असं काहीतरी पुटपुटला. मनातून मात्र चरकला. इतकी वर्षं हा शब्द डोळ्यांसमोर होता आणि तो अर्धा आहे, हे आपल्या लक्षात आलं नव्हतं की काय?

लहानपणी तो बुवांच्या मठात राहून शिकला होता. पुढे कॉलेज, मग युरोपात पाककलेचं शिक्षण, परत आल्यावर हॉटेलच्या धंद्यात येणाऱ्या मुलांना शिकवण्यात उमर गेली. उतारवयात त्याने वाईच्या अलीकडे, कृष्णाकाठच्या या बंगल्यात स्वतःचं हॉटेल थाटलं. मोजकी टेबलं, पांढरीशुभ्र कापडं, आणि आपल्याच मातीतले पदार्थ, पण असे मांडलेले की हात लावायला जीव धजू नये.

जाणकार येत. हे मुंबईत असतं तर दारात रांग लागली असती, असं म्हणत. नमस्कार करून जात.

आणि पुन्हा येत नसत.

आपली चव कमी पडते, की लोकांची जीभ? एक दिवस त्याला पहिलं खरं वाटे, दुसऱ्या दिवशी दुसरं. या घोळात त्याची झोप उडाली होती. शेवटी येत्या रविवारी कुलूप लावायचं त्याने ठरवलं. फक्त एका माणसाने ‘बरोबर आहे’ म्हणायला हवं होतं.

त्यासाठी तो आज सकाळी मठात गेला होता. बुवा मठाबाहेर जेवत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं, तरी जेवायला येता का, नुसतं विचारून बघू म्हणून गेला. तर बुवा उपरणं खांद्यावर टाकून पायरीवर बसलेलेच. जणू कालच निरोप मिळाला होता.

गाडीत त्याने विचारलं होतं, आता मुलं राहत नाहीत, मग पंगत बसते का?

“बसते की. मी आणि मांजर.”

दिगंबर हसला.

“हसू नकोस. मांजर कधी नको म्हणत नाही. वाढण्यात काही मजा राहत नाही, बघ.”

...

खिडकीशेजारच्या टेबलाशी बुवा बसले. खुर्चीत मांडी घालून बसले. दिगंबर समोर बसला. पलीकडच्या टेबलावर एक जोडपं जेवत होतं. बाकी सगळी टेबलं रिकामी.

कैरीचं सार आलं, अंगठ्याएवढ्या पेल्यात. मग अळूची वडी, इतकी पातळ की पलीकडची नदी दिसावी. फणसाच्या आठळ्यांची भाजी, दोन घासांची. प्रत्येक बशी समोर आली की बुवा आधी तिला हात जोडत, मग खात. एक कणही मागे राहत नव्हता.

दिगंबर त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून होता. भुवई हलते का? जीभ टाळूला लागते का? परीक्षेचा पेपर समोर तपासला जात असताना बसावं, तसा तो बसला होता.

वाढणारे कदम घडीच्या पोळ्यांची परडी घेऊन आले. अदबीने वाकले. पोळी घेणार का, असं त्यांनी विचारलं.

“नको,” बुवा म्हणाले.

कदम तत्क्षणी दोन पावलं मागे सरले आणि निघून गेले.

बुवा वळून त्यांच्याकडे पाहत राहिले. कदम आत दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिले.

दिगंबरची मान ताठ झाली. हे आपण शिकवलंय, असं त्याने सांगितलं. पाहुणा नको म्हणाला की हात मागे. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणं. तिकडे युरोपात पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

“असं...” बुवा म्हणाले.

पलीकडचं जोडपं उठलं. दिगंबर लगबगीने दारापर्यंत गेला. जेवण फार छान होतं, असं दोघंही म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली. त्याने हात जोडले. त्यांनी हात जोडले. गाडी फाटकाबाहेर वळली.

तो परत येऊन बसला.

“पाहिलंत? छान म्हणाली. आता ही पुन्हा येणार नाहीत.”

बुवा शेवटचा पदार्थ खात होते. आंबेमोहोराचा मऊ भात, वर मेतकूट आणि तुपाचा थेंब. चमच्याने दाबून केलेला एवढासा गोळा. त्या वासासरशी दिगंबरला मठाची पडवी आठवली.

शेणाने सारवलेली पडवी. पोरांच्या दोन रांगा. पत्रावळीवर वाफाळता भात आणि बुवा ओगराळं घेऊन आमटी वाढत येताहेत. पोरं दोन्ही हातांनी पान झाकून नको नको ओरडताहेत आणि बुवा नेम धरून बोटांच्या फटीतून धार सोडताहेत. कुणाचं मनगट भिजतंय, कुणी ते चाटतोय. हसण्याने छप्पर उडायची वेळ.

आणि त्याचा स्वतःचा पहिला दिवस. आई जाऊन महिना झाला नव्हता. मामा त्याला मठात सोडून गेला होता. त्यानेही पान झाकलं होतं, पण खेळ म्हणून नव्हे. त्याला खरोखरच काही नको होतं. भात नको, आमटी नको, मठ नको. बुवांनी विचारलं, तो नको म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. पंगत उठली, पोरं हात धुवून खेळायला गेली, पत्रावळी गोळा झाल्या. बुवा ओगराळं घेऊन त्याच्यासमोर उकिडवे बसलेलेच. रागावत नव्हते, समजावत नव्हते. थोड्या वेळाने आपलं विचारत होते, “आमटी वाढू का रे, दिगू?”

किती वेळा, कोण जाणे. मग कधीतरी त्याची बोटं आपोआप फाकली होती.

“बुवा...” दिगंबर भानावर आला. “आवडलं का?”

“आवडलं.”

“काही कमी?”

“चवीत? छे. असं मी जन्मात खाल्लं नाही.”

दिगंबरने श्वास सोडला. मग दोष लोकांचाच. डोळे भरून आले त्याचे, आणि थोडं वाईटही वाटलं. दोष आपला निघता तर काही करता तरी आलं असतं.

“मग रविवारी बंद करतो,” तो म्हणाला.

बुवा उठले नाहीत. भाताची बशी लखलखीत झाली होती. त्यांनी आपला उजवा हात सावकाश पुढे केला आणि रिकाम्या बशीवर आडवा धरला.

“नको, नको,” ते म्हणाले. “पुरे.”

दिगंबरने आजूबाजूला पाहिलं. कदम लांब भिंतीशी उभे होते.

“बुवा, कुणी वाढत नाहीये.”

“हो... ते दिसतंय.”

हात बशीवर तसाच राहिला. पातळ कातडीचा.

आत कुठेतरी काहीतरी लख्ख चमकलं आणि दिगंबर ताडकन उठून आत गेला. आणखी काय आहे, त्याने विचारलं. काही नव्हतं. त्याच्याच शिस्तीप्रमाणे सगळं बशीला मोजून केलेलं होतं. मग त्याला कोपऱ्यातलं पातेलं दिसलं. मुदपाकखान्यातल्या माणसांनी स्वतःसाठी केलेली आमटी. त्यात ओगराळं होतं, दांडा वाकलेलं.

त्याने पातेलं उचललं. साहेब, ती आमची आहे, असं कुणीतरी चाचरत म्हणालं. तो थांबला नाही.

पांढऱ्या कापडांच्या मधून काळवंडलेलं पातेलं कडेवर घेऊन जाणारे साहेब कदमांनी प्रथमच पाहिले.

तो बुवांसमोर उभा राहिला. ओगराळं भरलं. आवाज त्याला स्वतःचा वाटेना.

“आमटी वाढू का, बुवा?”

“नको रे,” बुवा म्हणाले.

ओगराळं हवेत अडलं. तळाशी एक थेंब जमला, लोंबला आणि कापडावर पडला. पिवळा डाग पसरत गेला.

पाहुणा नको म्हणाला होता. सगळं आयुष्य त्याने एवढंच तर शिकवलं होतं. वय झालंय त्यांचं, पोट भरलं असेल. वेडेपणाच होता हा. त्याला लाज वाटली.

“बरं,” तो हळूच म्हणाला. ओगराळं पातेल्यात ठेवलं आणि आतल्या दाराकडे वळला.

दाराशी पोचल्यावर त्याने कशासाठी मागे पाहिलं, त्याचं त्यालाच माहीत.

बुवांचा हात अजून बशीवरच होता. बोटांमध्ये फट होती.

“एकदाच विचारलंस होय रे, दिगू?”