दोन डोंगर आणि मधले उघडे खोरे

एका राज्यात दोन डोंगर होते, एक उगवतीचा, एक मावळतीचा, आणि दोहोंमधल्या खोऱ्यात वेळूचे दाट बन होते. त्या बनात आगळी अस्वले राहत. अंग पांढरे, हातपाय आणि कान काळेभोर, डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखी वर्तुळे. आजचे लोक त्यांना पांडा म्हणतात. ती वेळू खात, वेळूत निजत, आणि एका डोंगरावरचा वेळू सरला की बनाच्या आडोशाने दुसऱ्या डोंगरावर जात. असे किती पिढ्या चालले होते, ते त्या डोंगरांनाच ठाऊक.

राजाचे नाव वीरकेतू. त्याने दूरच्या सपाट मुलखातली राजकन्या सुवेळा हिला वरून आणले. तिच्या माहेरी नजर पोचेल तिथवर गवत आणि गवताच्या टोकाला आभाळ. इथे खिडकी उघडावी तर वेळूच वेळू. राणी कुरकुर करत नसे. खिडकीशी बसून राही, आणि ताट तसेच परत जाई. राजाचा तिच्यावर फार जीव. त्याने तिला न विचारताच हुकूम सोडला. एका हिवाळ्यात खोऱ्यातले बन तुटले, जळले, त्यावर नांगर फिरला. शंभर कुटुंबे येऊन वसली, जवस डोलू लागला. राणीने खिडकी उघडली, मोकळे आभाळ पाहिले, आणि त्या दिवशी ती जेवली.

तिसऱ्या वर्षी उगवतीच्या डोंगरावरचा वेळू फुलला. वेळू साठ वर्षांतून एकदा फुलतो, आणि फुलला की मरतो. भुकेली अस्वले खाली उतरली. पुढे उघडे रान, नांगर, कुत्री. ती मागे फिरली. दुसऱ्या दिवशी आली, पुन्हा फिरली. एक म्हातारी मादी मात्र शेताच्या कडेलाच बसली आणि मावळतीच्या डोंगराकडे तोंड करून हाका घालू लागली. पलीकडून उत्तर येई. नऊ दिवस ती हाका घालत होती. दहाव्या दिवशी पलीकडचाच आवाज तेवढा ऐकू आला.

त्या बनाची राखण कालिंगी नावाच्या मंत्र जाणणाऱ्या जोगिणीकडे होती. ती भरदरबारात आली. जळल्या वेळूची राख तिने राजाच्या पायाशी ठेवली.

"राजा, हे उघडे रान आता तुझ्या आणि तुझ्या राणीच्या मध्ये पडेल. ज्या दिवशी एक अस्वल एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाईल, त्या दिवशी ते मिटेल."

राजा राणीकडे वळला. त्याने एक पाऊल टाकले, तशी मधली फरशी एक पाऊल लांबली. दहा टाकली, राणी दहा पावले दूर गेली. तो धावला, तेव्हा ती बोटाच्या पेराएवढी दिसू लागली.

राजा कालिंगीच्या गुहेशी गेला. तिने तीन कामे सांगितली. खोरे रिकामे करायचे, पण कोणाची चूल न विझवता. वेळूचे बी आणायचे. आणि बन पुन्हा उभे करायचे, तेही चाकरांच्या हातून नव्हे.

राजाने आपले शिकारीचे रान आणि हत्तींचे मैदान कुळांना देऊ केले. खोऱ्यातली वडीलधारी बाई भिवरा, तिने एवढेच विचारले की पुन्हा उठवणार नाही कशावरून. राजाने तिच्यादेखत हत्तीखान्याच्या चाव्या विहिरीत टाकल्या, आणि पहिला नांगर स्वतः धरला. मग खोरे रिकामे झाले.

बी सात घाटांपलीकडच्या एका गुहेत, शापित धनाच्या राशीत, तांब्याच्या घड्यात होते. वाट एका बोलत्या धनेश पक्ष्याने दाखवली. गुहेच्या तोंडाशी तो म्हणाला, "इथून जो काही नेतो, तो एक चेहरा गमावतो. कोणता, ते गुहा ठरवते."

राजाने हिऱ्यामोत्यांना हात लावला नाही. घडा उचलून तो बाहेर आला. राणीचे नाव त्याला आठवत होते, तिचे खिडकीशी बसणे आठवत होते, तिच्या पैंजणांचा आवाजही. चेहरा आठवेना. तो घडा मांडीवर घेऊन तिथेच उन्हात बसला, पुष्कळ वेळ.

तो खोऱ्यात परतला तेव्हा धनेशाने राणीचा निरोप आणला: "आपण विचारले असते, तर मी सांगितले असते की कोणाचे घर मोडून मला आभाळ नको. अर्धे बी माझ्याकडे पाठवा."

राजाने उगवतीच्या टोकाकडून पेरणी धरली, राणीने मावळतीच्या. पहिल्या वर्षी बी किड्यांनी खाल्ले, दुसऱ्या वर्षी कोंब हिमाने जळले. हाताला घट्टे पडले. रोज संध्याकाळी राजा कुदळ टेकून पलीकडे पाही. दूरवर एक ठिपका वाकलेला असे. मग वेळू कमरेला लागला, खांद्याला लागला, आणि बाराव्या वर्षी डोक्यावरून गेला. आता ठिपकाही दिसेना. वारा पडला की पलीकडच्या कुदळीचा आवाज तेवढा येई, आणि तो ऐकण्यासाठी राजा आपली कुदळ थांबवी.

उगवतीच्या डोंगरावर एका ओढ्याकाठी थोडा वेळू उरला होता. त्यावर पाच अस्वले तगली होती. एके सकाळी त्यांतली एक तरणी मादी खाली उतरली. बनाच्या कडेला थांबली, तिने हवा हुंगली आणि ती आत शिरली. राजा जागचा हलला नाही. दुपार कलली तेव्हा मावळतीच्या डोंगरावरून हाक आली, आणि तिला उत्तरही त्याच डोंगरावरून आले.

राजा बनात चालू लागला. जमीन लांबली नाही. समोरून एक बाई आली, केस पिकलेले, हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. राजा थबकला.

"राणी, मी तुझा चेहरा विसरलो आहे."

"मग नीट पाहून घ्या," ती म्हणाली. "घाई नाही."

दोघे तिथेच वेळूच्या सावलीत बसली.

कालिंगीने ओढ्यावर हात धुतले आणि ती आपल्या गुहेत परतली. राजाने त्या खोऱ्यातून रस्ता जाऊ दिला नाही. उन्हाळा लागला तेव्हा त्याने राणीला विचारले, काय हवे. तिने माहेरचे गवत पाहायचे आहे म्हणून सांगितले. अकरा दिवसांची वाट. राजा तिच्यासोबत गेला, महिनाभर त्या गवतात तिच्याशेजारी बसला, आणि वेळूला नवे कोंब फुटायच्या सुमारास दोघे घरी आली.

त्या डोंगरांची अस्वले जशी एकमेकांच्या हाकेला पोचली, तशी दुरावलेली सारी पोचोत.