तळ्याचे साक्षीदार

राजाने पेल्यातलं पाणी थूऽ करून टाकलं आणि गरजला, "कुणी नासवलं माझं तळं?"

"आणखी कोण, महाराज? हे ढीवर!" कारभाऱ्याने ठोकून दिलं. "दिवसभर जाळी घेऊन पाण्यात डुंबतात!"

झालं! हुकूम सुटला, उद्यापासून एकाही ढीवराने तळ्यात पाय टाकायचा नाही. ढीवरांच्या वस्तीत रडारड सुरू झाली. मासेच धरायचे नाहीत, तर खायचं काय? कौतिका ढिवरीण मात्र पदर खोचून तडक दरबारात शिरली. बाप मागून "अगं, गप बस!" म्हणतोय, पण ही कसली ऐकते!

"महाराज, घाण आमची नाही!"

"माणसं खोटं बोलतात," राजा हटून बसला. "पाण्याने स्वतः सांगितलं, तरच ऐकेन!"

दरबार खो खो हसला. कौतिकाने काखेतलं माशांचं मडकं खाली ठेवलं.

"सांगेल की! तुमच्याच शिपायांकडून दोन घंगाळं पाणी मागवा. एक आमच्या घाटाचं, एक तुमच्या हत्तीखान्यापुढचं."

पाणी आलं. कौतिकाने मडक्यातले जिवंत मासे दोन्हीकडे सोडले. ढीवरघाटाच्या पाण्यात मासे सुळकन् तळाशी गेले. हत्तीखान्याच्या पाण्यातले मात्र थोड्याच वेळात वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले.

"पाण्याला तोंड नाही, महाराज. म्हणून त्याने हे वकील पाठवलेत!"

"लबाडी!" कारभारी ओरडला. "तिकडे मुद्दाम मरतुकडे टाकलेत!"

"मग करा की अदलाबदल, तुमच्या हाताने!"

कारभाऱ्याने बाह्या सारून मासे बदलले. अंगरखा भिजला, दोन मासे हातातून निसटून गालिच्यावर उडाले. आणि काय! मरतुकडे मजेत पोहायला लागले, धडधाकट होते ते वर येऊन धापा टाकू लागले.

राजा ओशाळला. "म्हणजे हत्तींची लीद! हे मासे भर दरबारात माझं नाव घेतात?"

"छे, छे! दरबारची रीत कळते त्यांना. नाव कुठे घेतलं? नुसता आ वासलाय!"

राजाला हसू आवरेना. त्याने हुकूम मागे घेतला, हत्तीखाना तळ्यापासून लांब हलवायला सांगितला आणि दर महिन्याला असंच पाणी पारखायचं काम कौतिकावर सोपवलं.

"आणि हे मासे मुदपाकखान्यात न्या रे! झकास रस्सा होऊ दे!"

कौतिकाने दोन्ही हात घंगाळांवर आडवे धरले. "असं कसं, महाराज? साक्षीदारांचाच रस्सा केला, तर पुढच्या महिन्यात साक्षीला कोण येईल?"

राजा इतका हसला, की डोक्यावरचा मंदील घरंगळला. त्याने हातातलं सोन्याचं कडं कौतिकाला दिलं आणि मासे स्वतःच्या पालखीतून तळ्यावर धाडले. पालखी उचलायला पुढे कारभारी होता!